गोरोंगोसात सगळीकडे वॉटरबकच का दिसतात?

मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात उरेमा नावाचं एक तळं आहे. त्याच्या काठचं गवताळ मैदान इतकं सपाट आहे की नजर अडायला काही मिळत नाही, आणि त्या मैदानावर नजर जाईल तिथवर एकच प्राणी: वॉटरबक. अंगाने आपल्या सांबराएवढा, राखाडी-तपकिरी, केसाळ, आणि बुडाशी पांढरं गोल कडं. शेकड्यांनी चरत असतात. पहिल्या अर्ध्या तासात कॅमेरे कडकडतात, मग गाडीतले लोक हळूहळू खाली बसतात आणि कोणीतरी गाइडला विचारतोच, "बाकीचे कुठे आहेत?"

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याच्या उत्तरात या जंगलाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास येतो.

आपल्याकडे ताडोब्याला किंवा पेंचला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "दिसला का?" कोण दिसला, हे सांगावंही लागत नाही. गोरोंगोसाला ही सवय घरी ठेवून जावं. हे जंगल एकदा जवळजवळ रिकामं झालं आणि नंतर काही प्रमाणात आपोआप, काही प्रमाणात माणसांच्या हाताने पुन्हा भरलं. त्यामुळे इथे कोण दिसलं याच्या जोडीने कोण जास्त आहे, कोण कमी आहे आणि कोण नाहीच, हेही बघायचं असतं.

भरलेलं जंगल

गोरोंगोसा मध्य मोझांबिकच्या सोफाला प्रांतात आहे, आफ्रिकेला उभी चीर देत गेलेल्या महाखचदरीच्या अगदी दक्षिण टोकाला. पश्चिमेला १,८६३ मीटर उंचीचा गोरोंगोसा पर्वत. तिथे पडणारा पाऊस नद्यांमधून खाली येतो आणि पावसाळ्यात उरेमाचं मैदान बुडवून टाकतो. पाणी ओसरलं की मागे गाळ आणि कोवळं गवत राहतं. गवत खाणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय क्वचितच सापडेल.

१९२० मध्ये इथला सुमारे हजार चौरस किलोमीटरचा भाग शिकारीसाठी राखून ठेवला गेला. १९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. तेव्हा मोझांबिकवर त्याच पोर्तुगिजांचं राज्य होतं जे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोव्यात होते. बैरा आणि लोरेंसो मार्किस (आजचं मापुतो) या शहरांत गोंयकारांची वस्तीही होती, कारकुनापासून डॉक्टरपर्यंत. साठच्या दशकात चितेंगो नावाच्या मुख्य कॅम्पवर युरोपातून पाहुणे येत. जवळच पुराच्या त्रासाने सोडून दिलेली एक काँक्रीटची इमारत होती. तिच्या गच्चीवर सिंह चढून बसायचे. 'सिंहांचं घर' म्हणून तिचे फोटो जगभर गेले.

साठच्या दशकाअखेर आणि सत्तरच्या सुरुवातीला केनेथ टिनली या परिसंस्थातज्ज्ञाने विमानातून पद्धतशीर मोजणी केली. सुमारे २,२०० हत्ती, १४,००० रानरेडे, ३,५०० पाणघोडे, ३,००० झेब्रे. वॉटरबकही होते, काही हजार. पण त्या गर्दीत ते बाकीच्यांसारखेच एक होते.

रिकामं जंगल

१९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झालं आणि १९७७ पासून यादवी युद्ध सुरू झालं. एका बाजूला फ्रेलिमो या पक्षाचं सरकार, दुसऱ्या बाजूला रेनामो ही बंडखोर संघटना. रेनामोचा तळ याच भागात होता, त्यामुळे उद्यान म्हणजे रणभूमीच झाली. १९८१ च्या अखेरीस चितेंगोवर हल्ला झाला आणि १९८३ मध्ये उद्यान बंद पडलं. १९९२ मध्ये रोममध्ये शांतता करार होईपर्यंत देशात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, गोळीने आणि त्याहून जास्त भुकेने.

प्राण्यांचं काय झालं, हे वेगळं सांगायला नको. सैनिकांना मांस हवं होतं, बंदुकांना पैसा हवा होता आणि हस्तिदंत म्हणजे पैसा. करार झाल्यावरही काही वर्षं शिकार थांबली नाही, कारण बंदुका होत्या, भूक होती आणि पहारा नव्हता. मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. हत्ती दोनशेच्या आसपास उरले. बिबटे, रानकुत्रे आणि तरस नाहीसे झाले. सिंह मोजके तगले.

परत भरलेलं, पण वेगळ्या मापाने

२००४ मध्ये ग्रेगरी कार हा अमेरिकी उद्योजक इथे आला. व्हॉइसमेलच्या धंद्यात पैसा कमावून तो दानधर्माकडे वळला होता. २००८ मध्ये त्याच्या फाउंडेशनने मोझांबिक सरकारशी वीस वर्षांचा करार केला, उद्यान दोघांनी मिळून चालवायचा. पुढे २०१८ मध्ये त्याला आणखी पंचवीस वर्षांची मुदतवाढ मिळाली.

कुंपण घातलेला एक मोठा तुकडा तयार करून त्यात बाहेरून आणलेले प्राणी आधी रुळवायचे आणि मग मोकळे सोडायचे, अशी पद्धत ठरली. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानातून ५४ रानरेडे आले. मागोमाग वाइल्डबीस्ट, थोडे हत्ती, थोडे पाणघोडे. रेड्यांवर भर देण्यामागे साधा विचार होता. उंच, जाडंभरडं गवत खाणारं कोणी नसलं की ते तसंच वाळतं आणि वणव्याला सरपण होतं. रेडे ते खाऊन, तुडवून खाली आणतात आणि मग लहान तोंडाच्या प्राण्यांना खालचं कोवळं गवत मिळतं.

पण प्राणी आणण्याचा भाग तसा छोटा होता. फोटो ट्रकमधून उतरणाऱ्या रेड्यांचे छापले जातात. काम मात्र बरंचसं गस्तीने केलं. मारणारे हात आवरले आणि उरलेसुरले प्राणी आपापल्या वेगाने वाढले.

तो वेग मात्र सगळ्यांचा सारखा नसतो. हत्तिणीचा गर्भकाळच बावीस महिन्यांचा आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. वॉटरबकची मादी दर वर्षी पिल्लू देऊ शकते. त्यात तिला दलदलीच्या आडोशाने राहायची सवय, म्हणजे युद्धातही तिचे थोडे जास्त भाऊबंद वाचले असावेत. वर समोर सगळं मैदान मोकळं. गवतावर हक्क सांगणारे रेडे, झेब्रे आणि पाणघोडे नाहीत, मागे लागणारे शिकारी प्राणी नावापुरते. २०१८ च्या हवाई मोजणीत वॉटरबक ५५ हजारांच्या वर गेले, युद्धापूर्वीच्या दहापटीहून अधिक.

याच मोजणीतून निघालेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. इथल्या सगळ्या मोठ्या शाकाहारी प्राण्यांचं एकूण वजन काढलं, तर ते युद्धापूर्वीच्या जवळपास पोचलं होतं. म्हणजे मैदान 'भरलं'. पण पूर्वी त्या वजनातला सिंहाचा वाटा हत्ती, पाणघोडे, रेडे, झेब्रे आणि वाइल्डबीस्ट यांचा होता. आता तो चौथ्या हिश्शावर आला आणि बाकीचं बरंचसं एकट्या वॉटरबकचं झालं. सफारीच्या गाडीत बसून ते हजारो वॉटरबक बघताना आपण युद्धाचा परिणाम बघत असतो, फक्त तो हिरव्यागार गवतावर चरत असल्यामुळे तसा वाटत नाही.

हे असंच राहील का? बहुधा नाही. मैदानावर दाटी झाल्यावर वॉटरबक आता कडेच्या रानात शिरू लागलेत, जिथे त्यांना आवडीचं गवत कमी मिळतं. रेडेही हजारावर गेलेत. झेब्रे मात्र अजून मोजकेच आहेत, दिसला तर फोटो जरूर काढा.

भीती गेली की काय होतं

बुशबक हे एक लहानखुरं, लाजरं कुरंग. त्याची जागा झाडीत. उघड्यावर यायचं नाही, हा त्याचा स्वभाव पुस्तकांत लिहिलेला. गोरोंगोसात ते भर मैदानात चरताना दिसू लागले. शास्त्रज्ञांनी याचा माग काढला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबटे आणि रानकुत्रे गेल्यामुळे बुशबकची भीती गेली होती, आणि उघड्यावरचा चारा जास्त सकस असल्यामुळे तिथले बुशबक अंगाने भरलेही होते.

हे नुसतं अनुमान नको म्हणून त्यांनी प्रयोग केला. स्पीकरवरून बिबट्याचे आवाज ऐकवले, शिकारी प्राण्यांच्या विष्ठेचा आणि मुताचा वास पसरवला. काही दिवसांत बुशबक पुन्हा झाडीच्या आसऱ्याला गेले. बिबट्या प्रत्यक्ष नव्हताच. त्याची शंका पुरली.

मग खरे शिकारी आले. २०१८ मध्ये एक नर बिबट्या आपणहून कुठून तरी येऊन दिसला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून चौदा रानकुत्रे आणून सोडले. (हे आपल्या कोळसुन्यांचे दूरचे नातलग, अंगावर काळे-पांढरे-पिवळे ठिपके आणि मोठे गोल कान.) बुशबक हे त्यांचं एक मुख्य भक्ष्य ठरलं. पुढे बिबट्याची मादी आणली, २०२२ मध्ये तरसही आले. शिकारी आणायचे ते पर्यटकांना दाखवायला, असा एक समज असतो. तोही हेतू असेल. पण कोणी कुठे चरायचं आणि कुठलं झुडूप वाढू द्यायचं, हे अखेर भीतीच ठरवते.

झुडपांवरून आठवलं. लाजाळूच्या कुळातली एक काटेरी, माणसाहून उंच वाढणारी जात आहे, मिमोसा पिग्रा. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. चरणारे संपल्यावर तिने उरेमाच्या मैदानावर पाय पसरले. आपल्या जंगलांत घाणेरी काढायला काय मेहनत आणि खर्च लागतो, हे वनविभागाच्या कोणालाही विचारा. इथे मात्र चरणारे परत वाढले आणि त्यांनीच मिमोसा खाऊन जवळपास युद्धापूर्वीच्या पातळीवर आणली. कुठल्या प्राण्याने काय खाल्लं, हे लेंड्यांतल्या डीएनएवरून तपासलं गेलं. कोणीही कुऱ्हाड चालवली नाही. अर्थात सगळीकडे हे जमेल असं नाही. घाणेरी आपल्याकडची जनावरं आवडीने खात नाहीत.

सुळे नसलेल्या हत्तिणी

आफ्रिकेत हत्ती आणि हत्तीण दोघांनाही सुळे असतात. आपल्याकडे माद्यांना बाहेर दिसणारे सुळे नसतात, आणि नरांतही काही बिनसुळ्यांचे निघतात. त्यांना मकना म्हणतात. त्यामुळे गोरोंगोसात बिनसुळ्याची हत्तीण दिसली तर भारतीय माणसाला काहीच वावगं वाटत नाही. आफ्रिकेच्या जाणकाराला मात्र ती लगेच खटकते.

युद्धापूर्वी इथल्या माद्यांत बिनसुळ्यांचं प्रमाण १८.५ टक्के होतं. युद्धातून वाचलेल्यांत ते ५०.९ टक्के झालं. कारण उघड आहे: सुळ्यांसाठी गोळी घालणारा माणूस बिनसुळ्यांच्या हत्तिणीवर गोळी कशाला वाया घालवेल? पण मुद्दा असा की युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्या माद्यांतही साधारण एक तृतीयांश बिनसुळ्यांच्या आहेत. म्हणजे शिकार थांबली, पण तिचा ठसा वंशात उतरला.

आणि नर? बिनसुळ्यांचा नर इथे जवळजवळ नाहीच. याचा उलगडा २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. सुळे न येण्याचा जनुकीय बदल एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे दोन एक्स असतात. एकात बदल आला तर सुळे येत नाहीत, पण दुसऱ्या एक्सवर ती तगते. नराकडे एकच एक्स. त्यात तो बदल आला तर गर्भ जगतच नाही. आता बिनसुळ्यांच्या आईचा हिशेब करा. तिच्या निम्म्या मुलींना बदललेला एक्स मिळतो, त्या बिनसुळ्यांच्या होतात. उरलेल्या निम्म्या सुळेवाल्या. मुलांपैकी निम्मे जन्मालाच येत नाहीत. म्हणून तिच्या पोटी दर मुलामागे साधारण दोन मुली. संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं तेव्हा प्रमाण त्याच्या जवळच निघालं.

बंदुकीच्या काळात हा बदल वाचवणारा ठरला, शांततेच्या काळात तो कळपाला महाग पडतो. शिवाय सुळा हे हत्तीचं अवजार आहे. त्याने तो साल सोलतो, मुळं उकरतो, कोरड्या नदीपात्रात पाण्यासाठी खड्डा करतो. सुळे नसले की आहार बदलतो, आहार बदलला की झाडोरा बदलतो. किती आणि कसा, यावर काम चालू आहे.

सफारीवर जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हत्तिणी साठ वर्षं जगतात, आणि ज्यांनी युद्ध पाहिलं त्यांपैकी कित्येक अजून कळपाच्या म्होरक्या आहेत. गाडीचा आवाज त्यांना आवडत नाही. गोरोंगोसाचे हत्ती गाडीवर धावून येण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि आईचा राग बघत वाढलेली पिल्लंही तेच शिकतात. अलीकडे ते बरेच निवळलेत म्हणतात. तरीही गाइड लांब थांबला तर "अजून थोडं पुढे घ्या ना" म्हणू नका. तो कंटाळा करत नसतो.

कुंपणाबाहेरची माणसं

उद्यानाच्या भोवती सुमारे दोन लाख लोक राहतात, बहुतेक मका पिकवणारे गरीब शेतकरी. त्यांच्या दृष्टीने हत्ती म्हणजे एका रात्रीत शेत संपवणारं जनावर. मांसासाठी रानात फास लावले जातात, सायकलच्या ब्रेकच्या केबलचे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून दातेरी लोखंडी सापळेही बनतात. ते रानडुकरांसाठी लावलेले असतात, पाय मात्र सिंहाचा अडकतो. युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी सिंह भरभर का वाढत नव्हते, याचं मोठं उत्तर या सापळ्यांत होतं. गस्त वाढवून ते गोळा केले, जखमी सिंहांवर उपचार केले, तेव्हा कुठे आकडा वर गेला.

गस्तीने पोट भरत नाही, हे उद्यान चालवणाऱ्यांना लवकर कळलं असावं. मोझांबिकच्या कायद्याप्रमाणे उद्यानाच्या उत्पन्नातले वीस टक्के आसपासच्या गावांना द्यावे लागतात. त्याशिवाय शाळांमधले मुलींचे वर्ग, फिरते दवाखाने, गावातल्याच तरुण-तरुणींना रेंजरची नोकरी. पर्वताचा ७०० मीटरवरचा भाग २०१० मध्ये उद्यानात घेतला गेला, कारण तिथलं जंगल तुटलं तर उरेमाचं पाणी आटणार. पण नुसतं 'तोडू नका' सांगून कोण ऐकतं? म्हणून तिथे कॉफी आली. कॉफीला सावली लागते, सावलीसाठी देशी झाडं लावावी लागतात, आणि शेतकऱ्याला पीक मिळतं. हा पर्वत रेनामोचा बालेकिल्ला. मध्ये पुन्हा चकमकी झडल्या, तेव्हा हे काम थांबलंही. १ ऑगस्ट २०१९ रोजी सरकार आणि रेनामोने शस्त्रसंधीवर सह्या केल्या, त्या इथेच, गोरोंगोसात.

यावर टीकाही आहे, आणि ती अगदीच फोल नाही. अमेरिकेतल्या एका श्रीमंत माणसाच्या इच्छेवर एका देशाचं राष्ट्रीय उद्यान किती अवलंबून असावं? पर्वतावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना अचानक 'तुम्ही उद्यानात आहात' असं कळतं तेव्हा त्यांना विचारलेलं असतं का? पर्यटकांच्या पैशातून उद्यानाचा खर्च निघत नाही, अजून बराच काळ निघणारही नाही. यूएसएड या अमेरिकी सरकारी संस्थेकडूनही मदत येत होती. २०२५ मध्ये ती संस्थाच गुंडाळली गेली. तरीही, या पैशाशिवाय काय झालं असतं याची कल्पना केली की टीकाकारही जरा सबुरीने बोलतात. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा आणि सोफाला प्रांत उद्ध्वस्त केला, तेव्हा उद्यानाचे रेंजर गावोगावी धान्य पोचवत होते.

जायचं असेल तर

डिसेंबर ते मार्च विसरा. मैदान पाण्याखाली असतं आणि रस्ते बंद. मे ते जुलै हवा थंड आणि रान हिरवं. ऑगस्ट ते ऑक्टोबर प्राणी पाण्याजवळ गोळा होतात, पण ऊन कडक आणि वणव्यांच्या धुराने हवा गढूळ. पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी पर्वतावर एक दिवस राखावा. हिरव्या डोक्याचा हळद्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात फक्त तिथे दिसतो.

सर्वांत जवळचं मोठं विमानतळ बैरा. तिथून चितेंगो रस्त्याने काही तासांवर. भाषा पोर्तुगीज आणि सेना. इंग्रजी कॅम्पवर चालते, बाहेर फारशी नाही. मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. विमान केनिया किंवा इथिओपियामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीच्या प्रमाणपत्राचं आधीच पाहा, नाहीतर परत येताना मुंबईत अडकाल. २०२४ च्या निवडणुकीनंतर देशात काही महिने मोठी आंदोलनं झाली होती, म्हणून निघण्यापूर्वी बातम्याही बघा.

गेंडे इथे नाहीत. जिराफही नाहीत. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा आणि गेंडा या 'बिग फाइव्ह'ची यादी पुरी करायची असेल तर क्रुगर आहेच, आणि तिथे जाण्यात काही कमीपणा नाही. केनिया-टांझानियातल्या मारा-सेरेंगेटीच्या ग्रुप टूरसारखी सिंहाभोवती वीस गाड्यांची जत्रा इथे मिळणार नाही. बहुतेक वेळा मैदानावर तुमची एकटीच गाडी असेल. ज्यांच्यासोबत मुलं आहेत त्यांनी बुक करतानाच सफारीसाठी वयाची अट विचारून घ्यावी, आणि शक्य असेल तर गाइड आसपासच्याच गावातला मागावा. या मैदानावर पूर्वी काय होतं, हे त्याने घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असतं.